प्रार्थना कुणाच्या नावाने? अमेरिकी सैन्यातला चॅप्लेन आणि रांगेत उभा असलेला सैनिक

आजच्या विषयाची सुरुवात आपण समुद्रावरून करू. अमेरिकेच्या नौदलात एक जुनी प्रथा आहे. जहाज भर समुद्रात असलं की रात्री दिवे मालवण्याच्या जरा आधी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना होते. जहाजावर चॅप्लेन असेल तर तोच ती म्हणतो. मिनिट-दीड मिनिटाचं काम. पण ते साऱ्या जहाजाला ऐकू जातं. इंजिनरूममध्ये पाळीवर असलेला खलाशी ऐकतो, दवाखान्यात पडलेला आजारी ऐकतो, झोपायच्या फळीवर घरचं पत्र वाचत पडलेला पोरगाही ऐकतो. त्यांच्यात कॅथलिक आहेत, बाप्टिस्ट आहेत, ज्यू आहेत, मुसलमान, हिंदू, बौद्ध आहेत, आणि देव मुळीच न मानणारेही आहेत. कुणालाही उठून बाहेर जाता येत नाही, कारण बाहेर समुद्र आहे.

आता समजा, हा चॅप्लेन बाप्टिस्ट आहे. प्रार्थनेचा शेवट तो कसा करेल? "येशूच्या नावाने, आमेन" असं म्हणेल, की नुसतंच "आमेन"? आपल्याला वाटेल, एवढ्याशा दोन शब्दांत काय आहे? पण याच दोन शब्दांवरून अमेरिकेत नौदलाचे नियम बदलले, संसदेत भांडणं झाली, एका चॅप्लेनची नोकरी गेली. आज आपण त्या भांडणाच्या मुळाशी काय आहे, ते समजून घेणार आहोत. आणि आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते ताडून बघता येईल. हा वाद प्रार्थनेच्या शब्दांचा आहे असं सगळे समजतात. आम्हाला वाटतं, खरा प्रश्न ऐकणाऱ्याला तिथून उठून जाता येतं का, हा आहे.

आधी चॅप्लेन म्हणजे कोण ते पाहू. मराठीत त्याला काय म्हणावं हीच पंचाईत आहे. पाद्री म्हणावं तर रब्बी आणि इमाम बाहेर राहतात. धर्मगुरू म्हणावं तर त्याच्या खांद्यावरचा हुद्दा दिसत नाही. म्हणून आपण चॅप्लेनच म्हणू. हा माणूस सैन्यातला अधिकारी असतो. कॅप्टन असतो, मेजर असतो, पगार सरकारकडून घेतो, गणवेश घालतो. गणवेशावर त्याच्या धर्माचं चिन्ह असतं. ख्रिस्ती चॅप्लेनचा क्रूस, मुसलमान चॅप्लेनची चंद्रकोर, बौद्ध चॅप्लेनचं धर्मचक्र. तो शस्त्र बाळगत नाही. त्याच्याबरोबर एक मदतनीस सैनिक असतो, बंदूक त्याच्याकडे असते. सैनिकाने चॅप्लेनजवळ धर्माच्या नात्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लष्करी न्यायालयातसुद्धा त्याच्या तोंडून वदवून घेता येत नाही. सैन्यात वरिष्ठाला न कळता मन मोकळं करायच्या जागा फार थोड्या असतात, हे लक्षात घेतलं की या नियमाची किंमत कळते.

पण चॅप्लेनला नेमताना एक अट असते, आणि सगळा पेच तिथूनच सुरू होतो. नुसतं सरकारने निवडून चालत नाही. त्याच्या धर्मसंस्थेने "हा आमचा अधिकृत धर्मोपदेशक आहे" असं मान्यतापत्र द्यावं लागतं. संस्थेने ते काढून घेतलं तर चॅप्लेन म्हणून त्याचं काम संपतं. म्हणजे या माणसाला दोन धनी आहेत. एक सैन्य आणि दुसरी त्याची धर्मसंस्था. सैन्य म्हणतं, तू सगळ्यांचा आहेस. धर्मसंस्था म्हणते, तू आमचा आहेस, आमचीच शिकवण सांग. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि दोन्ही त्याने मान्य करूनच सही केलेली असते.

रोजच्या कामात यावर एक तोडगा आहे. स्वतःच्या धर्माचे विधी चॅप्लेन स्वतः करतो. दुसऱ्या धर्माच्या सैनिकाची सोय तो करून देतो. म्हणजे बाप्टिस्ट चॅप्लेन ज्यू सैनिकासाठी स्वतः पासोव्हरचा विधी करणार नाही. पण रब्बी कुठे मिळेल ते शोधेल, कोशर जेवणाची व्यवस्था करेल, सुट्टीसाठी वरिष्ठांकडे शब्द टाकेल. कुणी नास्तिक सैनिक रडत आला तर त्याला उपदेश न पाजता त्याचं ऐकून घेईल. बहुतेक दिवस हे नीट चालतं. अडतं ते जेव्हा सगळे एकत्र जमतात आणि चॅप्लेनला सांगितलं जातं, "आता आपण प्रार्थना करा," तेव्हा.

तिकडे जाण्याआधी एक शंका अनेकांच्या मनात आली असेल. अमेरिकेत तर सरकार आणि धर्म वेगळे आहेत ना? मग सरकार धर्मोपदेशकाला पगार कसा देतं? शंका रास्त आहे, आणि ती नवी नाही. चॅप्लेनची पद्धत अमेरिकेच्या राज्यघटनेपेक्षा जुनी आहे. २९ जुलै १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने सैन्याचे पगार ठरवले, त्यात चॅप्लेनला महिना २० डॉलर दिले. कॅप्टनला तेवढेच होते. पुढच्या वर्षी, जुलै १७७६ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टनने प्रत्येक रेजिमेंटसाठी चॅप्लेन नेमण्याचा हुकूम काढला. पहिली घटनादुरुस्ती आली १७९१ मध्ये. तिच्यात धर्माबद्दल दोन गोष्टी आहेत. सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही, आणि कुणाच्या धर्मपालनाला आडकाठीही करायची नाही. त्या दुरुस्तीचा मसुदा करण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या जेम्स मॅडिसनला सरकारी पगाराचे चॅप्लेन पुढे पटत नव्हते. त्याच्या उत्तरायुष्यातल्या टिपणांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

ही शंका घेऊन १९७९ मध्ये हार्वर्डचे कायद्याचे दोन विद्यार्थी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. करदात्याच्या पैशातून धर्मोपदेशक पोसणं घटनाबाह्य आहे, सैनिकांची सोय चर्चनी स्वतःच्या खर्चाने करावी. 'कॅटकॉफ विरुद्ध मार्श' नावाने हा खटला ओळखला जातो. १९८५ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टाने निकाल दिला, आणि त्यातलं तर्कशास्त्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कोर्टाने सांगितलं, सैनिकाला त्याच्या घरापासून, त्याच्या चर्चपासून उचलून हजारो मैलांवर कोण नेतं? सरकार नेतं. तिथे त्याला धर्मोपदेशक मिळू दिला नाही तर त्याच्या धर्मपालनाला आडकाठी कोणी केली? सरकारनेच. म्हणून चॅप्लेन ठेवणं म्हणजे धर्म प्रस्थापित करणं नव्हे, सरकारने स्वतः निर्माण केलेली अडचण स्वतःच दूर करणं आहे. पण त्याच कोर्टाने एक बारीक गोष्टही म्हटली. वॉशिंग्टन, न्यू यॉर्क अशा शहरांत, जिथे छावणीच्या बाहेर हाकेच्या अंतरावर चर्च आणि सिनेगॉग आहेत, तिथे सरकारी खर्चाची गरज खरोखर आहे का, हे पुन्हा तपासा.

यातून काय निघतं बघा. चॅप्लेन आहे तो सैनिकाच्या गरजेसाठी. त्याचा अधिकार सैनिकाच्या अडचणीतून जन्मलेला आहे. ही गोष्ट हाताशी धरली की पुढचे गुंते सुटायला मदत होते.

सैनिकाच्या गरजेसाठी म्हणायचं, तर मग कोणत्या सैनिकाच्या? १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा काँग्रेसने कायदा केला की चॅप्लेन हा कुठल्यातरी ख्रिस्ती पंथाचा दीक्षित धर्मोपदेशक असावा. पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ रेजिमेंटमध्ये ज्यू सैनिक पुष्कळ होते. त्यांनी मायकेल ॲलन नावाच्या ज्यू गृहस्थाला चॅप्लेन म्हणून निवडलं होतं. कायद्याकडे बोट दाखवलं गेलं आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. रेजिमेंटने मग आर्नल्ड फिशेल या धर्मोपदेशकाचं नाव पुढे केलं. तेही नाकारलं गेलं, कारण नाव कुणाचंही असो, कायद्यात 'ख्रिस्ती' हा शब्द होता. फिशेल वॉशिंग्टनला गेले आणि डिसेंबर १८६१ मध्ये थेट लिंकनना भेटले. लिंकननी लक्ष घातलं, आणि जुलै १८६२ मध्ये कायद्यातला शब्द बदलला. 'ख्रिस्ती पंथा'च्या जागी 'धार्मिक पंथ' आला. त्याच सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल हे पहिले ज्यू चॅप्लेन नेमले गेले.

त्यानंतर दार उघडायला फार वेळ लागला. पहिला मुसलमान चॅप्लेन भूदलात आला तो थेट १९९३ मध्ये. पहिली बौद्ध चॅप्लेन नौदलात २००४ मध्ये. आणि २०११ मध्ये कॅप्टन प्रतिमा धर्म या भारतात जन्मलेल्या अधिकारी भूदलाच्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या. आपण मघाशी मान्यतापत्राची गोष्ट केली. त्यांना ते दिलं चिन्मय मिशनच्या अमेरिकेतल्या शाखेने. या मिशनचं मुख्य केंद्र आपल्या मुंबईत पवईला आहे. म्हणजे पवईशी नातं असलेल्या संस्थेच्या कागदावर अमेरिकी सैन्यातला चॅप्लेन उभा राहतो, असा हा सगळा व्यवहार आहे.

आता मूळ पेचाकडे येऊ. चॅप्लेन दोन जागी प्रार्थना म्हणतो, आणि त्या दोन जागांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली जागा म्हणजे त्याचं स्वतःचं उपासनास्थळ. रविवारची प्रार्थनासभा, शुक्रवारचा नमाज, शनिवारची शब्बाथची उपासना. तिथे जो येतो तो आपल्या मर्जीने येतो. तिथे चॅप्लेनच्या शब्दांना लगाम नाही. नौदलाच्या कायद्यात तसं स्पष्टच आहे की चॅप्लेनला ज्या चर्चचा तो सदस्य आहे त्याच्या रीतीने सार्वजनिक उपासना चालवता येते. हे कोर्टातही तपासलं गेलं. १९९० च्या दशकात कॅथलिक चर्चने गर्भपाताच्या एका पद्धतीविरुद्ध काँग्रेस सदस्यांना पोस्टकार्डं पाठवायची मोहीम काढली. सैन्याने चॅप्लेनना सांगितलं की तुम्ही प्रवचनातून याचा प्रचार करू नका. प्रकरण कोर्टात गेलं. 'रिग्डन विरुद्ध पेरी' या खटल्यात १९९७ मध्ये न्यायाधीशांनी चॅप्लेनच्या बाजूने निकाल दिला. उपासनेत चॅप्लेन बोलतो तेव्हा तो सरकारचा भोंगा नसतो, त्याच्या धर्माचा उपदेशक असतो, असा त्याचा मथितार्थ.

दुसरी जागा म्हणजे सैन्याचा समारंभ. अधिकार बदलण्याचा कार्यक्रम, शहीद जवानाची शोकसभा, निवृत्तीचा निरोप, दीक्षान्त संचलन. तिथे सैनिक येतो तो हुकमाने. रांगेत उभा असतो. प्रार्थनेच्या वेळी टोपी काढायची, मान खाली घालायची. आणि तिथे चॅप्लेनला दोन मिनिटं बोलायला बोलावलेलं असतं.

या जागी दोन्ही बाजू नीट ऐकायला हव्यात. आधी चॅप्लेनची. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, देव एकच, नाव कुठलंही घ्या. पण अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांसाठी 'येशूच्या नावाने' हे शेवटी चिकटवलेलं शेपूट नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे देवापर्यंत पोचण्याचा मार्गच येशू आहे. ते नाव गाळून केलेली प्रार्थना ही त्यांच्या लेखी प्रार्थनाच राहत नाही. शिवाय तो विचारतो, "तुम्हीच मला माझ्या चर्चचा माणूस म्हणून नेमलंत. मग माईकसमोर उभं केल्यावर माझं चर्च काढून ठेवा म्हणता? सगळ्यांना चालेल अशी प्रार्थना सरकारने ठरवून दिली, तर तो सरकारचा नवा धर्मच नाही का झाला?" हा प्रश्न पोकळ नाही.

आता रांगेतल्या सैनिकाची बाजू. तो ज्यू आहे असं धरा. समोर त्याच्या मित्राचे बूट, उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर हेल्मेट ठेवलेलं आहे. मित्र गेलाय. चॅप्लेन म्हणतो, "आपण सारे प्रार्थना करू या," आणि 'आपण' म्हणत येशूच्या नावाने शेवट करतो. या 'आपण'मध्ये त्याला न विचारता ओढलेलं असतं. बोलणारा माणूस हुद्द्याने मोठा, शेजारी कमांडर मान झुकवून उभा. हा वीस वर्षांचा पोरगा काय करणार? रांग सोडून जाणार? दुःख त्याचं आहे, मित्र त्याचा आहे, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला परकं वाटावं, हे सैन्याला परवडत नाही.

२००५ मध्ये या ताणाचा भडका उडाला. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दल अकादमीत काही अधिकारी आणि कॅडेट इतरांवर ख्रिस्ती धर्माचा दबाव आणतात अशा तक्रारी पुढे आल्या. हवाई दलाने धर्माबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सुधारून पुन्हा काढल्या. त्याच महिन्यात नौदलानेही नियम काढला की उपासनेबाहेरच्या समारंभातली प्रार्थना शक्यतो कुठल्या एका पंथाची नसावी. याविरुद्ध गॉर्डन क्लिंगेनश्मिट नावाचा नौदलाचा चॅप्लेन उभा राहिला. त्याने त्याआधीच व्हाइट हाउससमोर उपोषण केलं होतं. पुढे मार्च २००६ मध्ये तो गणवेशात एका राजकीय कार्यक्रमात गेला, वरिष्ठांनी मना केलेलं असताना. सप्टेंबरमध्ये कोर्टमार्शल झालं आणि तो दोषी ठरला. त्याच्या पाठीराख्यांनी सांगितलं, येशूचं नाव घेतलं म्हणून शिक्षा झाली. आरोपपत्र मात्र गणवेशाबद्दलचा हुकूम मोडल्याचं होतं. २००७ मध्ये तो नौदलातून बाहेर पडला.

तिकडे काँग्रेसमध्ये प्रतिनिधीगृहाने विधेयकात कलम घातलं की चॅप्लेनला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे कुठेही प्रार्थना करता यावी. वाटाघाटींत ते कलम गळलं. पण त्या बदल्यात हवाई दल आणि नौदल दोघांनाही आपले २००६ चे नियम मागे घ्यायला सांगण्यात आलं. म्हणजे मोकळीकही लिहून दिली नाही आणि बंधनही काढून टाकलं. पुढे जानेवारी २०१३ मध्ये सही झालेल्या संरक्षण कायद्यात एक तरतूद आली की चॅप्लेनला त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध असलेला विधी करायला भाग पाडता येणार नाही, आणि नकार दिला म्हणून त्याचं नुकसानही करता येणार नाही. ही तरतूद महत्त्वाची. ज्याला नाव गाळून प्रार्थना करणं पटत नाही, त्याला समारंभाचं निमंत्रण नम्रपणे नाकारता येतं.

आता आम्ही सुरुवातीला जे म्हटलं, त्याचा पुरावा द्यायला हवा. तीन खटले एकापाठोपाठ ठेवू.

पहिला १९७२ चा, 'अँडरसन विरुद्ध लेअर्ड'. तोवर वेस्ट पॉइंट, ॲनापोलिस आणि हवाई दल अकादमी या तिन्ही ठिकाणी कॅडेटना रविवारी उपासनेला जाणं सक्तीचं होतं. प्रोटेस्टंट, कॅथलिक की ज्यू एवढं निवडता यायचं, पण जायलाच हवं. सरकारचा बचाव ऐकण्यासारखा होता. आम्ही धर्म शिकवत नाही, उद्याच्या अधिकाऱ्याला आपल्या सैनिकांच्या धर्मभावना कळाव्यात म्हणून हे प्रशिक्षण आहे. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ते मानलं नाही आणि सक्ती गेली.

दुसरा २००३ चा, 'मेलन विरुद्ध बंटिंग'. व्हर्जिनिया राज्याच्या लष्करी महाविद्यालयात रात्रीच्या जेवणाआधी कॅडेट उभे राहत आणि प्रार्थना वाचली जाई. त्या प्रार्थनांत येशूचं नाव नव्हतं. "सर्वशक्तिमान देवा" अशी मोघम सुरुवात असे. नौदलाला २००६ मध्ये हवी होती तशीच. तरी कोर्टाने ती बंद केली, कारण तिथल्या शिस्तीत कॅडेटला 'मी नाही' म्हणायला जागाच नव्हती.

तिसरा २०१४ चा, 'टाउन ऑफ ग्रीस'. हा सैन्याचा नाही, न्यू यॉर्क राज्यातल्या एका गावाच्या नगरसभेचा आहे. सभेच्या आरंभी पाहुणे धर्मोपदेशक प्रार्थना म्हणत, आणि बहुतेक वेळा येशूचं नाव उघड घेत. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालू दिलं. का? एक म्हणजे सरकारने प्रार्थनेतले शब्द तपासत बसणं हीच धर्मात ढवळाढवळ आहे. दुसरं म्हणजे सभेला आलेले लोक प्रौढ आहेत, नको असेल तर उठून बाहेर जाऊ शकतात.

आता तिन्ही शेजारी ठेवा. येशूचं नाव नसलेली प्रार्थना बंद झाली. येशूचं नाव असलेली चालू राहिली. फरक शब्दांत नव्हता, दारात होता. एका ठिकाणी दार उघडं होतं, दुसरीकडे बंद. सैन्य ही अशी जागा आहे की तिथली बहुतेक दारं हुकमानेच उघडतात. म्हणून चॅप्लेनच्या शब्दांना कात्री लावण्यापेक्षा, जमेल तिथे सैनिकासाठी दार उघडं ठेवणं, हा आम्हाला जास्त न्याय्य मार्ग वाटतो.

व्यवहारात अनेक चॅप्लेन हे करतातच. कुणी प्रार्थनेआधी म्हणतो, "मी माझ्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करतो, तुम्ही तुमच्या श्रद्धेप्रमाणे करा, किंवा शांत उभे राहा." इथे 'आपण सारे' जाऊन 'मी' येतो, आणि तेवढ्याने ऐकणाऱ्याची सुटका होते. कुणी मिनिटभर शांतता मागतो. आणि काहींना मोघम प्रार्थनेचा मुळीच त्रास होत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये जनरल पॅटनने हवा चांगली राहावी म्हणून प्रार्थना लिहायला सांगितली. त्याचे चॅप्लेन जेम्स ओ'नील हे कॅथलिक होते. त्यांनी लिहिलेली प्रार्थना छापून सुमारे अडीच लाख सैनिकांना वाटली गेली, आणि तिच्यात येशूचं नाव नव्हतं. त्यांना त्यात आपला धर्म बुडाला असं वाटलं नाही. म्हणून जो 'नाव घेणारच' म्हणतो तो कर्मठ आणि जो घेत नाही तो पातळ श्रद्धेचा, असंही समजू नये.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार, आपल्या सैन्यात काय? आपली रचनाच निराळी आहे. भारतीय भूदलातला धर्मशिक्षक हा कनिष्ठ आयुक्त अधिकारी असतो, नायब सुभेदार म्हणून भरती होतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू, ज्या तुकडीत ज्या धर्माचे जवान त्याप्रमाणे. आपल्याकडे रेजिमेंटचं मंदिर असतं, गुरुद्वारा असतो, बऱ्याच ठिकाणी सर्व धर्म स्थळ असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची शिवरायांच्या जयजयकाराची युद्धघोषणा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इथे धर्म हा जवानांना एकत्र बांधणारा धागा मानला जातो, आणि जवानांचा जो धर्म, त्याच्या उत्सवात अधिकाऱ्याने सामील व्हावं अशी परंपरा आहे. मग अधिकारी स्वतः कुठल्याही धर्माचा असो.

या परंपरेचीही परीक्षा अलीकडे झाली. एका ख्रिस्ती लेफ्टनंटने सांगितलं, मी जवानांबरोबर मंदिराच्या आवारात उभा राहीन, पण गाभाऱ्यात जाऊन विधी करणार नाही. २०२१ मध्ये त्याला सैन्यातून काढलं. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैन्याचा निर्णय कायम ठेवला. जवानांच्या धर्मभावनेशी अधिकाऱ्याने एकरूप व्हावं, हा सैन्याचा मुद्दा मान्य झाला. आठवतं, १९७२ मध्ये अमेरिकी सरकारनेही जवळपास हेच म्हटलं होतं आणि तिथे ते हरलं. आपल्या घटनेच्या कलम ३३ प्रमाणे सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं गणित एकच नाही. एका देशाचं माप दुसऱ्याला लावू नये. पण प्रश्न तोच आहे, आणि तो आपल्याही दारात आहे. एकोपा हवाच. तो एकत्र उभं राहून पुरा होतो, की गाभाऱ्यात गेल्यावाचून पुरा होत नाही? आम्हाला वाटतं, आवारात उभं राहण्याची जागा राखता आली असती तर जवानांचा मान आणि अधिकाऱ्याचं मन, दोन्ही राहिलं असतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

शेवट एका प्रसंगाने करतो. ३ फेब्रुवारी १९४३ ची रात्र. उत्तर अटलांटिकमध्ये 'डॉर्चेस्टर' नावाचं सैनिक नेणारं जहाज जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलं. जहाजावर नऊशेच्या आसपास माणसं होती. बर्फगार पाणी, वीज गेलेली. जहाजावर चार चॅप्लेन होते. जॉर्ज फॉक्स मेथडिस्ट, अलेक्झांडर गूड रब्बी, क्लार्क पोलिंग रिफॉर्म्ड चर्चचे, जॉन वॉशिंग्टन कॅथलिक. त्यांनी घाबरलेल्या पोरांना होड्यांकडे नेलं, जीवरक्षक जॅकेटं वाटली, आणि ती संपली तेव्हा अंगावरची काढून पुढच्या चौघांना दिली. देताना कुणाचा धर्म विचारला नाही. वाचलेल्यांनी सांगितलं की जहाज बुडताना ते चौघे हातात हात घालून प्रार्थना करत उभे होते. जेमतेम २३० जण वाचले. त्यांत हे चौघे नव्हते.

त्या रात्री त्या चौघांनी आपापली प्रार्थना बदलली असेल असं आम्हाला वाटत नाही. रब्बीने रब्बीसारखी केली असेल, कॅथलिकाने कॅथलिकासारखी. कुणी कुणाला 'हे नाव घेऊ नको' म्हटलं नाही आणि 'माझंच नाव घे' असंही म्हटलं नाही. त्याआधी त्यांनी जॅकेट दिलं होतं. चॅप्लेनचं काम त्याच क्रमाने व्हायला हवं. आधी समोरच्या सैनिकाला काय हवंय ते बघायचं, आणि मग स्वतःच्या देवाला हाक मारायची.